शाल्मलीच्या बंडीतला स्पंज

चंद्रावरच्या वस्तीत सगळ्यात लांब उडी कोणाची? शाल्मलीची! खो-खोच्या मैदानात ती खांबाकडे झेपावली, की बाकीचे पळायचं सोडून माना वर करून बघत राहायचे. बरं, मग वस्तीतल्या मुलांमध्ये सगळ्यात कच्ची हाडं कोणाची? तीही शाल्मलीचीच! आता हे कसं काय?

"यंत्र बिघडलंय तुझं!" तपासणीच्या खोलीत शाल्मली या पायावरून त्या पायावर नाचत म्हणाली. "पुन्हा मोज ना रे, ठोकळ्या!"

"तीनदा मोजलं," ठोकळ्या नावाचा यंत्रमानव म्हणाला. "तुझी अस्थिघनता (हाड किती भरीव आहे त्याचं माप) कमी ती कमीच. या हाडांनी पृथ्वीवर खेळलीस, तर पहिल्याच उडीत नडगी मोडेल."

सहा महिन्यांनी वस्तीचा खो-खो संघ पृथ्वीवर सामन्याला जाणार होता. आजवर शाल्मलीने पृथ्वी पाहिली होती ती फक्त खिडकीतून!

तिची केतकी आत्या वस्तीतली हाडांची डॉक्टर. तिने पुढे होऊन खुंटीवरून शाल्मलीची वजनबंडी काढली. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (खाली खेचणारी ओढ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकंच. म्हणून वस्तीत प्रत्येकाने शिशाच्या पट्ट्या भरलेली बंडी दिवसभर घालायची, असा नियमच होता. आत्याने ती करंगळीवर टांगली.

"फारच हलकी आहे की गं."

शाल्मलीचं नाचणं थांबलं. आत्याने शिवण उसवली. आतून निघाला स्पंज. भांडी घासायचा, पिवळाधमक!

"पट्ट्या?"

"पलंगाखाली." शाल्मली पुटपुटली. "त्या घातल्या की मी बेडकासारखी पडते गं, आत्या! काढल्या की उडते."

"कधीपासून?"

"एक वर्ष झालं."

आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्ची ओढून बसली.

"उडी वाढली ती ओझं कमी झालं म्हणून. पाय बळकट झाले म्हणून नाही. हाड म्हणजे दगड वाटला का तुला? जिवंत असतं ते. त्यात काही पेशी जुनं हाड खरवडून काढतात, काही नवं लिंपतात. धावलीस, पाय जमिनीवर आदळले, स्नायूंनी हाड ओढलं, की लिंपणाऱ्यांना निरोप जातो: इथे जोर पडतोय, भरा! तू वर्षभर निरोपच पुरेसा पाठवला नाहीस. खरवडणाऱ्या मात्र रोज कामावर हजर."

"आणि गुडघे?" शाल्मलीचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

आत्याने स्पंज पाण्यात बुडवून तिच्या हातात दिला. "सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चा (गुळगुळीत, लवचिक अस्तर) असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. मग तिला खायला कोण घालणार? दाब."

शाल्मलीने स्पंज दाबला. पाणी बाहेर. सोडला. पाणी आत.

"अय्या! म्हणजे आपण हललो की ती जेवते?"

"अन्याय आहे हा," ठोकळ्या कुरकुरला. "मी हललो की माझे सांधे झिजतात, तुमचे पोसले जातात! आणि पृथ्वीवर तर ही बंडी फुकटच मिळते. तरी तिथली मुलं तासन्‌तास खुर्चीत बसतात म्हणे!"

शाल्मलीला हसू आलं नाही. "सहा महिने पुरतील ना, आत्या?"

"स्नायू लवकर ऐकतात. हाडं सावकाश. शब्द देत नाही मी, पुन्हा तपासू. आणि सगळ्या पट्ट्या एकदम घालायच्या नाहीत हं! आठवड्याला एक."

शाळा सुटल्यावर पहिली पट्टी घालून शाल्मली मैदानात उतरली. झेपावली, आणि खांबाच्या वीतभर अलीकडेच दोन्ही पायांवर आदळली. धप्प!

"बेडूक पडला रे!" सगळा संघ खिदळला.

शाल्मलीचे कान तापले. पण नडग्यांतून वर गेलेली झिणझिणी अजून विरली नव्हती. निरोप गेला होता! मैदानाच्या खिडकीत निळी पृथ्वी अर्धी उजळली होती. शाल्मली मागे सरकली, धावली, पुन्हा झेपावली.

धप्प!

"ऐकू आलं का गं, लिंपणाऱ्यांनो?" तिने वाकून आपल्या नडग्यांना विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तिसऱ्यांदा धावत सुटली.