यकृतातल्या चिठ्ठ्या

साठी ओलांडली की वर्षातून एकदा चिठ्ठीवाचन सक्तीचं होतं, आणि साताऱ्याच्या वैजयंती डोंगरे यांचा अहवाल तिसऱ्यांदा चुकीचा आला होता. निदान प्रयोगशाळेचं तरी तसं मत होतं. बाईंच्या रक्तात पुरुषाच्या चिठ्ठ्या! नमुने बदलले असणार म्हणून दोन तंत्रज्ञांनी फुकट बोलणी खाल्ली.

चिठ्ठी म्हणजे आरएनए. डीएनए ही पाककृतींची मूळ वही. ती कुणी फोडणीजवळ नेत नाही. पेशी हवी तेवढी कृती चिठ्ठीवर उतरवते, पदार्थ करते आणि चिठ्ठी फाडून टाकते. फाडणं राहिलं की तोच पदार्थ होत राहतो, नको असला तरी. डोंगरेबाईंचं यकृत असंच घट्ट होत चाललं होतं.

"मुलं किती, काकू?" डॉ. रेश्मा मुलाणींनी विचारलं.

"एक मुलगी, ओवी. अर्जात लिहिलंय की."

"तिच्या आधी?"

बाईंनी मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाल्या, "एक होता. सातव्या महिन्यात पोटातच गेला. सासूबाई म्हणाल्या, बघू नकोस, जीव अडकेल. मुलगा होता, एवढं नर्सनं सांगितलं. असलं कुणी अर्जात लिहितं का हो?"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "गर्भाच्या थोड्या पेशी आईच्या अंगात शिरतात. काही जन्मभर राहतात. त्याच्या पेशी तुमच्या यकृतात पस्तीस वर्षं काम करतायत. आता त्यांना चिठ्ठ्या फाडणं जमत नाहीये."

"म्हणजे तो आहे?"

"पेशी आहेत, काकू."

आईला असल्या व्याख्या सांगून काय उपयोग!

उपाय होता. 'पुसणी' हा मुद्दाम घडवलेला आरएनएचा तुकडा नेमक्या त्याच पेशींच्या चिठ्ठ्यांना चिकटून त्या नष्ट करी. मग पेशीही मरत. पुसणी घेतली नाही, तर बाईंच्या हातात दोन वर्षं होती.

त्यांनी आठवडा मागून घेतला. रोज दुपारी उजव्या बरगडीखाली हात ठेवून त्या त्याच्याशी बोलल्या. नाव काय ठेवायचं ते मात्र ठरेना. शेवटी ओवीनं रडून हट्ट धरला आणि त्यांनी पुसणी घेतली.

चार महिन्यांनी डॉक्टर हसून म्हणाल्या, "अभिनंदन. त्याची एकही चिठ्ठी नाही."

बाई ढसाढसा रडल्या. जरा वेळानं डोळे पुसत त्यांनी विचारलं, "ओवी त्याच्यामागून याच पोटात वाढली. त्याच्या पेशी तिच्यात गेल्या असतील?"

"शक्य आहे. म्हणून तर तिलाही तपासू. सापडल्याच तर वेळेवर पुसता येतील."

बाहेर बसलेल्या ओवीला आत बोलावलं. सुई टोचताना तिनं आईचा हात घट्ट धरला आणि काही निघू नये म्हणून पुटपुटत देवाचा धावा केला. आईही डोळे मिटून प्रार्थनाच करत होती. सापडू देत, एक तरी सापडू देत, असं ती म्हणत होती, आणि डोळे उघडून लेकीकडे बघण्याची तिला हिंमत होत नव्हती.