ओठांपुढचा चमचा

हेमांगीनं चमचा ओठांजवळ नेला आणि पाकहातानं तो अलगद काढून घेतला. सकाळपासून तिसऱ्यांदा. चमच्यातलं चॉकलेट सिंकमध्ये गेलं, चमचा विसळून जागेवर ठेवला गेला. यंत्राचा स्वच्छतेचा सोस वाखाणण्यासारखाच होता, पण हेमांगीला ते दोन्ही हात मुळासकट उपटावेसे वाटत होते.

ओट्याच्या वर छताला टांगलेले ते पोलादी हात खरं तर तिचेच, म्हणजे तिच्या हातांवरून शिकलेले. तिचा उजवा हात थरथरायला लागला, एकदा उकळतं दूध पायावर सांडलं, तेव्हा बंगळूरला असलेल्या तिच्या मुलानं, निनादनं, ते बसवून दिले. तीन दिवस मनगटांना संवेदक बांधून ती रांधत होती आणि यंत्र पाहत होतं. चिमूट केवढी, उकळी कुठवर, सगळं त्यानं उचललं. तेव्हापासून शेगडी पाकहातांशिवाय पेटत नव्हती.

घोळ एवढाच झाला, की ते तीन दिवस नवरात्रातले होते. हेमांगीचा उपास, शिवाय नैवेद्य उष्टा करायचा नाही. तिनं एकदाही काही चाखलं नव्हतं. यंत्रानं ठरवून टाकलं, की या घरात रांधताना चाखायचं नसतं. तिनं निनादला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं आई, चाखायचं कशाला? चव तुझीच तर आहे."

वर्षभर तिनं ते चालवून घेतलं. आता प्रश्न श्रीरंगचा होता. उपचारांनी तिच्या नवऱ्याच्या तोंडाची चव पार गेली होती. आठ दिवस पोटात धड काही नाही. सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यानं एकच मागितलं होतं, तिच्या हातचं सुंठ-मिरीचं गरम चॉकलेट.

"कडू लागतंय गं," पाकहातांनी केलेला कप बाजूला सारत तो म्हणाला. "लोखंड चाटल्यासारखं."

दोष कोकोचा, सुंठीचा, की त्याच्या जिभेचा? कप बाहेर नेऊन तिनं चाखून पाहिलं, पण परत येईपर्यंत पातेलं घासून पालथं घातलेलं. पुन्हा केलं की पुन्हा तेच माप, सांगूनही ते बदलत नव्हतं. आपल्याच घरात, आपल्याच हातांपुढे चाखायची चोरी! तिला रडू आलं, आणि रडता रडता नवरात्र आठवलं: नैवेद्याची घंटा वाजली, की यंत्राच्या लेखी रांधणं संपलेलं असायचं.

तिनं पातेलं खाली उतरवायला सांगितलं. त्याभोवती पाणी फिरवलं, देव्हाऱ्यातली घंटा आणून वाजवली. पाकहात मुकाट्यानं छताशी जाऊन बसले. नैवेद्य झाला होता, आता कोणीही खावं.

हेमांगीनं चाखलं. मिरी फारच पुढे येत होती. तिनं साखर वाढवली, दोन चमचे साय घोटली, जायफळ किसलं आणि दुसऱ्या चमच्यानं पुन्हा चाखलं. कापऱ्या हातानं ओटाभर साखर सांडली होती. ती पुसायला कुणी आलं नाही.

श्रीरंगनं अख्खा कप संपवला. "आता जमलं बघ," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली, तर पातेल्यातून वाफा येत होत्या. ओट्यावर साय, जायफळ काढून ठेवलेलं. डाव्या पाकहातानं पातेल्याभोवती पाणी फिरवलं, उजव्यानं घंटा वाजवली. मग चमचा बुडवून त्यानं तो हेमांगीच्या ओठांपुढे आणून धरला. छताला लावलेला बारीक कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर वळला.

म्हणजे कालही यंत्र बघत होतं तर. तिच्या भुवया, ओठ, गिळताना थबकणं यावरून काय कमी, काय जास्त हे ते टिपणार होतं. चार दिवसांत तिची जीभही त्याला येईल. मग निनाद म्हणेल, "आई, आता तू स्वयंपाकघरात येऊच नकोस."

तिनं ओठ घट्ट मिटले आणि पातेल्याकडे हात नेला. दुसऱ्या पाकहातानं तो हळूच बाजूला केला. आधी चमचा.

"झालं का गं?" आतून श्रीरंगची हाक आली. "भूक लागलीय."

भूक हा शब्द त्याच्या तोंडून तिनं कितीतरी दिवसांनी ऐकला. चमचा तसूभरही हलला नव्हता. हेमांगीनं तोंड उघडावं का?