सातची लाइट

सोलर पॅनल बसवायला आलेला माणूस स्टँडवर चढून पाना फिरवत होता आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होता. मी खाली शेवंतीच्या वाफ्यात निंदत होते. आधी लक्ष दिलं नाही. मग ओळ कानावर आली— "नळाले पानी नाही, काहून?"

माझं खुरपं थांबलं.

"यष्टी वेळेवर नाही, काहून?" मी खालून पुढची ओळ म्हटली.

वरून पाना पडला. माझ्यापासून दोन हातांवर.

"तुमाले कसं मालूम हे गानं?"

"आधी पाना पाडल्याची माफी मागा, मंग सांगते."

तो उतरला. कानशिलांवर पांढरे केस, शर्टावर कंपनीचं नाव. त्यानं डाव्या हातानं पाना उचलला, आणि मी ओळखलं. नितेश... 'पऱ्हाटी'चा डावखुरा गिटारवाला.

कापूस वेचून झाला की शेतात उभी राहते ती पऱ्हाटी, वाळकी आणि अंगाला ओरखडे काढणारी. अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या चार पोरांनी आपल्या बँडचं तेच नाव ठेवलं होतं. पंक रॉक म्हणजे काय, हे त्यांनी कुण्या सिनियरच्या पेन ड्राइव्हवर ऐकलं, आणि आम्ही त्यांच्याकडून. गाणारा शेखर आमच्या गावचा, सहदेवकाकांचा एकुलता एक. म्हणून बाळापूर रोडवरच्या आमच्या एवढ्याशा गावाच्या गणपतीत तीन वर्षं हा बँड वाजला. म्हातारे कानात बोटं घालून बसायचे, पण उठून कोणी जायचं नाही.

शेवटचं गाणं ठरलेलं असायचं, 'काहून'. शेखरनं एकेक तक्रार म्हणायची आणि गावानं ओरडायचं, काहून? बाप बोलत नाही, काहून? सगळ्यात शेवटी तो डोळे मिटून म्हणायचा, "तू मागं पाहत नाही, काहून..." आता याचं उत्तर येणार, असं वाटायचं आणि लाइट जायची. भारनियमनाचे दिवस होते, सातची लाइट सातलाच जाणार. मग अंधारात सगळं गाव ते गाणं पहिल्यापासून म्हणायचं. मी तेव्हा अठराची होते. बाबांची शेतात न्यायची बॅटरी घेऊन मी स्टेजवर उजेड मारायची. शेखरवर नाही, गिटारवाल्यावर.

"थे बॅटरी थेट डोयात मारनारी पोट्टी तुमी?" नितेश म्हणाला. "तुमच्यापायी तार चुकायची माही."

"तार चुकली, हे समजत होतं कोनाले?"

तो हसला. अठरा वर्षं झाली होती, आणि मला त्याच्या हसण्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू येत होता. तेव्हा मध्ये केवढे मोठे स्पीकर असायचे.

एका दिवसाचं काम चार दिवस चाललं. कधी वायर कमी पडली, कधी क्लॅम्प बसेना. मी एकदाही लवकर आटपा म्हटलं नाही. दुपारी निंबाखाली डबा उघडायचो. माझी आई लांबून पाहायची आणि न सांगता दोन भाकरी जास्त पाठवायची.

"रोज अमरावतीहून येता, बायको नाही रागवत?" मी तिसऱ्या दिवशी विचारलंच.

"बायको नाही."

"काहून?"

"हे उत्तर आजच पायजे का तुमाले?"

माझं लग्न झालं होतं आणि तीन वर्षांत मोडलं, हे मी त्यानं न विचारताच सांगून टाकलं. त्यानं फक्त ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. काहून म्हणून विचारलं नाही. मला तो तिथेच आवडला, उगाच आडवळणं कशाला घ्या.

चौथ्या दिवशी सहदेवकाका बांधावरून चालत आले. शेखर करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, तेव्हापासून नितेश गावात शिरला नव्हता, आताही शेतावरूनच परत जायचा. काकांनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"यंदा गनपतीत शेखरचं थे गानं वाजव, बापा. त्या सातच्या लाइटनं माह्या पोराचं गानं कधी पुरं होऊ देलं नाही. उत्तर लिवलं होतं त्यानं. आता लाइट जात नाही. एकडाव आयकतो, बस."

नितेशनं मान डोलावली. काका गेले आणि तो बांधावरच बसला.

"उत्तर नाहीच, प्रणाली," तो म्हणाला. पहिल्यांदाच नावानं. "आमी घड्याळ पाहून पाच कमी सातले गानं सुरू करत होतो. शेखर म्हने, शेवट लिवाची गरज काय, लाइट जातेच."

"मंग सांग काकाले."

"कसं सांगू? त्यायच्यापाशी थेवढंच उरलं हाय."

"तू लिही मंग."

"त्याच्या नावावर खोटं गाऊ?" तो हातातल्या वायरची गुंडाळी उलगडत होता, परत गुंडाळत होता. "मी नाही येत. अन् नाही आलो, तर या गावात पुन्हा तोंड नाही दाखवनार."

म्हणजे काकांचं गाणं जाणार होतं, आणि माझा हा माणूसही. चार दिवसांत मी त्याला माझा म्हणायला लागले होते, त्याला इलाज नव्हता.

"तू ये," मी म्हटलं. "पाच कमी सातले सुरू कर. पुढचं पुढं पाहू."

पुढे काय पाहणार, हे मलाही ठाऊक नव्हतं.

तो आला. परतवाड्याहून जुना ड्रमवालाही आला, पोट सुटलेला. मंडपाची फुलं आमच्याच शेतातली, म्हणून मी स्टेजमागे तोरणं बांधत होते. बाहेर भुरभुर पाऊस होता. पहिल्या रांगेत सहदेवकाका धुतलेला पांढरा सदरा घालून बसले होते. गाणं सुरू झालं आणि नितेशच्या एकेका ओळीला गावानं जुनं उत्तर दिलं— काहून? माझ्या वयाच्या बाया पोरांना कडेवर घेऊन ओरडत होत्या.

"तू मागं पाहत नाही, काहून..."

आणि लाइट गेली नाही.

सात वाजले होते. नितेशची बोटं थांबली. काका कानामागे हात धरून पुढे झुकले. गाव गप्प झालं. नितेशनं मागे वळून पाहिलं, माझ्याकडे... तो चेहरा मला बघवेना. मेनस्विच माझ्या डोक्याशीच होता. मी तो खाली ओढला.

"गेली!" कोणीतरी ओरडलं आणि सगळा मंडप हसायला लागला, पूर्वी हसायचा तसाच.

"आजही गेली," अंधारात काकांचा आवाज आला. ते हसत होते, मध्येच नाक ओढत होते. मग त्यांनीच चिरक्या आवाजात सुरुवात केली, "नळाले पानी नाही..." आणि गाव त्यांच्यामागून निघालं.

गाणं चालू असतानाच ते काठी टेकत स्टेजमागे आले. मोबाइलच्या उजेडात स्विचकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"दहा मिन्टं राहू दे तशीच," ते म्हणाले आणि परत जाऊन बसले. गाण्याला शेवटच नाही, हे त्यांना कधीपासून माहीत होतं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

मग नितेश आला, चाचपडत.

"लाइट कोनं बंद केली?"

"मी."

"काहून?"

उत्तर मला लिहावं लागलं नाही. "तू या गावात पुन्हा यावं म्हनून," मी म्हटलं. "रोज आला तरी चालते."

त्याचा हात माझा हात शोधत आला, गिटारच्या तारांनी बोटं अजून गरम होती. काय वाटतंय त्याला, काही कळेना. मी तोरणांच्या टोपलीतली बॅटरी काढली आणि थेट त्याच्या तोंडावर मारली. डोळे भरलेले होते त्याचे, आणि तो हसत होता.

"बंद कर थे. मले काहीच दिसून नाही राहिलं."

"मले दिसून राहिलं नं," मी म्हटलं.