नेरिडाच्या गाडीचा सायलेन्सर

सांगतो, पण आधीच बजावतो. तुमच्यातला एकही जण यावर विश्वास ठेवणार नाही. आमच्या अख्ख्या विराकू गावात माझ्यावर विश्वास ठेवणारे एकटे आमचे पाद्री होते, आणि त्यांचीही बदली झाली. तरी ऐका. सॉसेज भाजायला अजून वेळ आहे, आणि अग्निशमन दलाच्या या शेडमध्ये दुसरी करमणूक नाही. तिकडे हातात चिमटा घेऊन कांदा परततेय ना, ती नेरिडा. गोष्ट तिचीच आहे. पण तिला काही विचारू नका... तिला काही आठवत नाही.

तेव्हा मी पावाची गाडी चालवायचो. बेकरीतून निघायचं, गव्हाच्या उंच कोठारांना, त्या सायलोंना, वळसा घालायचा आणि दारोदार पाव टाकत जायचं. त्या दिवशी शेवटच्या घराशी पोचलो, तर मागच्या पत्र्याच्या शेडमधून हाक आली—

"कोण आहे रे तिकडे? अर्धा इंची पाना दे!"

आत डोकावलो. चार लोखंडी स्टँडवर एक जुनी हिरवट व्हॅलियंट गाडी चढवलेली, आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन बूट. माणूस नाही, नुसते बूट. मी हाताला लागला तो पाना सरकवला. तो तितक्याच वेगानं परत आला.

"हा अर्धा इंची आहे?"

"दिसायला तरी तसाच दिसतो."

"तुझं नाक आणि तुझा कानही दिसायला सारखेच असतील मग!"

"माझं नाक तू पाहिलंस कधी?"

बूट जरा थबकले. मग खालची चाकं लावलेली फळी घरंगळत आली आणि तिच्यावर आडवी पडलेली एक मुलगी उजेडात आली. पापण्यांवर गंजाची भुकटी, गालावर ग्रीसची रेघ... आणि त्या सगळ्यातून रोखून बघणारे दोन वैतागलेले डोळे.

"पाहिलं," ती म्हणाली. "आता पाना दे."

आणि परत आत गेली. मी उभाच. पाव गाडीत तापत होते, माश्या कानात गुणगुणत होत्या, आणि मला अर्धा इंच म्हणजे केवढा तेच आठवेना.

तिला बाजारातला तयार सायलेन्सर नको होता. स्वतः मोजून, कापून, वाकवून, वेल्डिंग करून दोन नळ्यांचा बसवायचा होता. का, असं विचारलं, तर म्हणाली, "गाडीचा आवाज मालकिणीसारखा असावा." म्हटलं, मग तो अर्ध्या राज्याला ऐकू जाईल. त्यावर आतून एक चिंधी आली. तोंडावर बसली. मला फार बरं वाटलं.

जुना सायलेन्सर इतका गंजला होता की गंजानंच त्याला धरून ठेवलं होतं. नट सोडवायला गेलं की नट फिरायचा नाही, गाडी फिरायची. एकदा तर शेड फिरली! सकाळी दार पूर्वेला होतं, संध्याकाळी पाहतो तर उत्तरेला. मी रोज पाव टाकून झाले की गुलाबी आयसिंगचे बन घेऊन तिथे जायचो आणि दिवा धरायचो. निदान तशी माझी समजूत होती.

"दिवा कुठे धरलायस?"

"तू आहेस तिथे."

"मला मी नको दिसायला, मला नट दिसायला हवाय!"

"नट काय, कुठेही दिसतो..."

"डेस!"

माझं नाव तिनं पहिल्यांदा घेतलं ते असं, दात-ओठ खाऊन. तरी गोड लागलं.

मग बन खाता खाता तिनं सहज सांगून टाकलं. पार देशाच्या पश्चिम टोकाला, पर्थला, खाणीच्या ट्रकांचं मोठं वर्कशॉप आहे, तिथे तिला घेतलंय. सायलेन्सर बसला की निघायचं. कधी परत येणार? खांदे उडवले तिनं. बोटावरचं आयसिंग चाटलं आणि पुन्हा गाडीखाली शिरली.

आता माझी दशा बघा. जी नळी तिला माझ्यापासून दूर नेणार, तीच मी दोन्ही हातांनी उचलून धरलेली. एकेक क्लॅम्प आवळला जाई आणि तो माझ्याच गळ्याभोवती आवळल्यासारखा वाटे. जे काही बोलायचं ते शेवटचा क्लॅम्प बसायच्या आत बोलायला हवं होतं. आम्ही शेजारी शेजारी उताणे, वर गाडीचं पोट, मध्ये नळी. इतक्या जवळ की तिच्या केसांतला जळक्या लोखंडाचा वास येत होता.

"नेरिडा... मला ना, तुला एक—"

"हलू नकोस. नळी सरकतेय."

"नाही, पण तू जर—"

"डेस, डोळे मीट."

मिटले! मोठ्या आशेनं मिटले. ओठ जरासे पुढेसुद्धा केले, खोटं कशाला बोलू. आणि तिनं वेल्डिंग सुरू केलं. ठिणगी नेमकी शर्टात शिरली.

"नाचतोस काय? धर नीट!"

शेवटच्या दुपारी एकच क्लॅम्प उरला होता. ती पाना शोधत होती, आणि मी मागच्या चाकांकडे बघत होतो. स्टँडवर चढवलेल्या गाडीची चाकं खाली लोंबत होती, उचलून धरलेल्या बदकाच्या पायांसारखी. मला माझी पावाची गाडी आठवली. माल भरला की ती मागून बसते आणि खड्ड्यात गेली की मागची चाकं जोडणारा ॲक्सल वर उसळतो. नेरिडानं नळी या ॲक्सलवरून वळवून नेली होती, आणि मोजमाप घेतलं होतं ते चाकं लोंबत असताना. रिकामी गाडी खाली टेकवली तर काही कळणार नव्हतं. पण सामान भरून लाटालाटांच्या कच्च्या रस्त्याला लागली की ॲक्सल त्या नळीवर घणासारखा बसणार होता.

गप्प बसायचं होतं फक्त. नळी तुटली असती, ती चडफडत माघारी आली असती. मी बन घेऊन उभाच होतो.

"नेरिडा," मी म्हणालो, "मागची नळी ॲक्सलवर आदळेल."

तिनं आत जाऊन पाहिलं. बोटांनी अंतर चाचपलं. बराच वेळ बूट हलले नाहीत. मग जे बाहेर आलं ते काही बोलणं नव्हतं, भडिमार होता— "इतके दिवस चुकीचे पाने देतोस, उजेड डोळ्यांत मारतोस, काल आयसिंगच्या हातानं वेल्डिंगचा चष्मा पुसलास, आणि आज, वेल्डिंगचे टाके पक्के झाल्यावर, तुला अक्कल सुचली?"

"हो."

"गप्प राहिला असतास तर मी गेले असते आणि चार दिवसांत परत आले असते!"

"माहीत आहे."

"मग सांगितलंस कशाला?"

मी बुटांकडे बघत होतो. या खेपेला माझ्या. "त्या रस्त्यावर... सावली नाही कुठे."

ती माझ्या नाकाकडे बघत राहिली, पहिल्यांदाच नीट. मग करवत उचलली आणि इतके दिवस खपून बसवलेली नळी कापायला घेतली. "धर," म्हणाली. पण आवाज निराळा होता. आणि दिवा मी तिच्या तोंडावरच धरला होता, तरी ओरडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली. काय तो आवाज! तारेवरचे गुलाबी काकाकुवे पटापट बेशुद्ध पडले. सायलोतला गहू आपोआप दळला गेला. चर्चच्या घंटेनं ओ दिली. आणि नेरिडा गेली... मागे वळूनसुद्धा न बघता.

मग मी धावलो. पायातले बूट वाटेत झिजून गेले, तरी धावलो. कांगारूंना मागे टाकलं. राज्याच्या सीमेवर, बाहेरची कीड आत येऊ नये म्हणून फळं तपासणाऱ्यानं अडवलं, "खिशात संत्री आहेत का?" म्हटलं, काळीज आहे फक्त, तेही पुढच्या गाडीत. त्यानं डोळे पुसत फाटक उघडलं. आणि तेवढ्यात नेरिडाला आरशात मी दिसलो! तिनं ब्रेक दाबला, दार उघडलं, आणि रडत रडत म्हणाली—

"रडत?" नेरिडाचा चिमटा तव्यावर खणकन आपटला. "धावला म्हणे! डेस, जिभेला काही हाड? ऐका रे पोरांनो. हा एक पाऊलसुद्धा धावला नाही. मी सामान घेऊन बाहेर आले, तर हा आधीच शेजारच्या सीटवर बसलेला. मांडीवर स्वतःची उशी! मी म्हटलं, उतर खाली. तर म्हणतो, गाडीच्या आवाजात काही ऐकू येत नाही."

"अगं, खरंच येत नव्हतं—"

"गाडी मी अजून सुरूच केली नव्हती!"