घोंगड्यावर दिलेला शब्द

युवराजला पाहुण्याची रीतच नाही. काटेवाडीचा पोरगा, आमच्यातलाच, पुण्याच्या म्युझियममध्ये पुस्तकं सांभाळतो. माझ्या जात्यावरच्या ओव्या उतरून घ्यायला आमच्या गावी, कळसला आला. एकदा आला, ठीक. पण तीच ओवी घ्यायला तिसऱ्यांदा? आणि ऐकतो माझं, बघतो स्वयंपाकघराकडं… तिथं माझी सून जयवंता चहा करत असते. पहिल्या खेपेला तिला ‘ताई’ म्हणाला. दुसऱ्या खेपेपासून ताई गळाली!

माझा लेक बिरू ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा जयवंता जेमतेम बावीसची. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. आम्हा धनगरांत विधवेचा पाट लावतात, दुसरं लग्न करून देतात. पण सासूनं व्हय म्हणावं लागतं. मी अजून तसं म्हणाले नव्हते. ती गेली तर घरात मी आणि म्हैस.

म्युझियम बघायला आम्हा दोघींना त्यानंच पुण्याला बोलावलं. आधी ग्रंथालय दाखवलं. छतापर्यंत पुस्तकं, जुन्या कागदाचा वास. मी जरा मागं होते. कान मात्र पुढं.

“एवढी समदी वाचलीसा?” जयवंतानं हळूच विचारलं.

“कुठलं! निम्मा येळ कळसची एसटी कवा हाय तेच बघतो.”

“आन् ती ओवी? अजून ऱ्हायलीच का?”

“ती… पहिल्याच दिवशी पाठ झाली.”

जयवंता पदर सावरायला गेली. पदर जागच्या जागीच होता.

पुढच्या दालनात जमिनीवर काळंभोर घोंगडं अंथरलेलं, भोवती दोरी. आमच्याकडं घोंगडं अंथरलं की वडीलधाऱ्यानं बसायचं. उभं राहिलं तर अंथरणाऱ्याचा अपमान. मी दोरी ओलांडली आणि मांडी घातली.

शिट्टी वाजली. “ओ आजी, उठा! ते बघायचं आहे, बसायचं नाही!” पहारेकरी ओरडला.

“बघायचं घोंगडं भुईवर कोण अंथरतं रं?”

आणि जयवंता हसली. पदर तोंडाशी नेईपर्यंत हसू दालनभर झालं. युवराज मला उठवायला वाकला होता, तो तसाच थांबला. उन्हातून आलेलं मेंढरू पाण्याकडं बघतं, तसा बघत राहिला. तिनंही नजर खाली घातली नाही.

मला बिरू आठवला. त्याच्या माघारी हे हसू मी ऐकलंच नव्हतं. कळसला परतलो की ते पुन्हा मिटणार, हेही कळत होतं.

“मावशी, उठा की…” युवराज म्हणाला.

“उठते. आधी सांग, हिला मागायला कवा येणार हायस?”

पहारेकऱ्यानं शिट्टी खिशात घातली. युवराजची मान खाली.

“तुमी एकट्या पडशीला, मावशी. म्हणून बोललो न्हाय.”

“आत्या, मी कुठं जात न्हाय,” जयवंता घाईनं म्हणाली.

“जायाचं नंतर बघू. ह्यो मनात हाय का तुज्या?”

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग, अगदी हळू — “…हाय.”

मी डोळे पुसले आणि युवराजकडं वळले.

“ऐक, युवराज. घोंगड्यावर बसून दिल्याला शब्द आमी माघारी घेत न्हाय. जयवंता तुला दिली. माजं एकटेपण माजं मी बघीन. त्याच्याआड लपलास, ते मातर चुकलास. आता एका हातानं तिचा हात धर… आन् दुसऱ्यानं मला उठीव.”