शिंपलवाडीची अडलेली भवानी

बाजारात तीनशे माणसं, टोपल्या मासळीने भरलेल्या, गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये पैसे. तरीही एक मासा विकला जात नाही. सांगा बरं, का?

हे कोडं मला कुणी घातलं नव्हतं. ते सकाळी साडेसात वाजता शिंपलवाडीच्या बाजारात माझ्यासमोर उभं होतं, आणि आमच्या टोपलीतला बर्फ वितळत होता!

पावसाळी मासेमारीबंदी उठल्यानंतरचा तो पहिला बाजार. आयेने साठवलेले सगळे पैसे घालून पहाटेच्या लिलावात चाळीस पापलेटं घेतली होती. दहापर्यंत खपली नाहीत तर मासे नरम पडणार आणि पैसे बुडणार. त्यातून आजपासून मच्छीमार संस्थेने बाजारात रोख पैशांऐवजी जगभर चालणारे ‘मोती’ सुरू केले होते. मोती म्हणजे कूटचलन (किचकट गणिताच्या कुलपात सांभाळलेला, नोटा-नाणी नसलेला, फक्त संगणकांवरचा पैसा). मी तर आनंदाने रात्रभर झोपले नव्हते. एक पापलेट, एक मोती! किती सोपं!

आमचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे दीपस्तंभावर काम करणारे अन्वयकाका. त्यांनी फोनवर बोट टेकवलं, एक मोती पाठवला आणि मासा उचलला.

“थांबा वाईच,” आये म्हणाली. “मोती आला नाय अजून.”

तेव्हापासून अर्धा तास काका तिथेच उभे होते. मागे बारा माणसांची रांग. पण दुसऱ्याला मासा द्यायला आये तयार नव्हती. भवानी (दिवसाची पहिली विक्री) झाल्याशिवाय आमच्याकडे दुसरं गिऱ्हाईक घेत नाहीत. पहिला पैसा हातात यायचा, तो कपाळाला लावायचा, मगच पुढचा मासा कापायचा. बाजारात ऐंशी कोळणी होत्या आणि ऐंशीच्या ऐंशी अशाच हातात कोयता धरून बसल्या होत्या.

मी धावत तोलाजीला गाठलं. तोलाजी हा आमच्या बाजाराचा यंत्रमानव. चार पाय, छातीवर तागडी, आणि बोलणं असं अदबीचं की मलासुद्धा ‘सिंधुराताई’ म्हणतो.

“तोलाजी, मोती कुठे अडकले?”

“रांगेत, सिंधुराताई. असं समजा, मोत्यांची एक वही आहे. ती कुणा एकाच्या पेटीत नाही. तिच्या हुबेहूब प्रती जगभरच्या हजारो संगणकांकडे आहेत. एकाने गुपचूप खाडाखोड केली, तर बाकीचे लगेच ओरडतात.”

“म्हणजे चोरी जवळजवळ अशक्य!”

“बरोबर. पण हजारोंनी ताळा जुळवायचा, तर वेळ लागणारच. दर दहा मिनिटांनी वहीला एकच नवं पान जोडलं जातं आणि त्यावर फक्त चाळीस व्यवहार मावतात. तेही साऱ्या जगातले. जो जास्त शुल्क देतो, तो आधी. अन्वयकाकांचा नंबर दोनशे एकोणिसावा आहे.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळ्यांची भवानी एकाच वेळी! ऐंशी जणींच्या गिऱ्हाइकांनी एकाच मिनिटात एकाच पानावर धाड घातली होती. आणि शुल्क किती? कोथिंबिरीची जुडी घ्यायची, तर जुडीच्या किमतीपेक्षा जास्त!

तेवढ्यात रांगेतल्या एक बाई फोनकडे बघून निघाल्याच. “मोती चढतोय! उद्या एका मोत्यात दोन पापलेटं येतील. आज कशाला खर्चू?”

“आणि उतरला म्हंजे? मी मरू काय?” आये कडाडली. मला एकदम रडू आलं. कालपासून मीच तर ‘मोती, मोती’ करत घरभर नाचले होते!

मी नाक पुसलं आणि विचार करू लागले. पहाटेच्या लिलावात आये दर बोलीला पैसे देते का? छे! लिलाववाले काका चिठ्ठ्या लिहून ठेवतात आणि शेवटी एकदाच हिशेब होतो.

“तोलाजी! प्रत्येक मासा मोठ्या वहीत लिहायचाच कशाला? बाजारातल्या चिठ्ठ्या तू ठेव. संध्याकाळी नुसती बेरीज वहीत लिही!”

तोलाजीची तागडी आनंदाने डुलली. “होईल! संस्थेचे पाचशे मोती कालच वहीत जमा आहेत, ते दिवसभराची हमी. आणि मोत्याचा सकाळचा भाव संध्याकाळपर्यंत पक्का धरू. चढ-उतार संस्था सोसेल.”

“आनि तू लबाडी केलीस तर?” आयेने डोळे बारीक केले.

“प्रत्येक चिठ्ठीवर घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची सही (फोनमधली गुप्त संख्या वापरून केलेली, दुसऱ्याला नक्कल करता न येणारी खूण) असेल, रेश्माबाई. मी एक आकडा बदलला तरी चोरी उघडी पडेल.”

आमचं बोलणं ऐकून जवळ आलेल्या संस्थेच्या अध्यक्षाबाईंनी होकारार्थी मान हलवली. अन्वयकाकांनी पुन्हा बोट टेकवलं. आयेने टेकवलं. टिंग! एक सेकंदसुद्धा लागला नाही.

आयेने तोलाजीच्या तागडीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. “झाली गो भवानी!”

मग काय विचारता! टिंग, टिंग, टिंग! बाजारभर कोयते चालू लागले. रांगेतल्या त्या बाईसुद्धा परत आल्या. पावणेदहाला आमची एकोणचाळीस पापलेटं खपली होती. चाळिसावं आयेने माझ्यासाठी ठेवलं. घरी कुरकुरीत तळायला!

बारा वाजता घरी तवा तापला आणि आयेचा फोन वाजला. जास्त शुल्क देणाऱ्यांमुळे मागे मागे ढकलला गेलेला अन्वयकाकांचा सकाळचा मोती रांगेतून बाहेर पडून आत्ता पोचला होता.

“त्यांचे पैसे दोनदा आले की! पुसून टाक रे तो,” आमची टोपली पोचवायला आलेल्या तोलाजीला आये म्हणाली.

“वहीत लिहिलेलं पुसता येत नाही, रेश्माबाई,” दारातून तोलाजी म्हणाला. “ते मोत्याचं बळही आहे आणि अडचणही. सह्या झालेली चिठ्ठीही मला खोडता येत नाही. परत पाठवायचा तर नवीन नोंद करावी लागेल. रांग आहेच, आणि शुल्क दोन मोती.”

आयेने तव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला समजलं. मोती परत जात नसेल, तर त्याच्या बदल्यात मासा जाईल. मी पापलेट केळीच्या पानात गुंडाळलं.

“पळ!” आये हसली.

मी दीपस्तंभाच्या पायऱ्या दोन-दोन करत चढले. पुढच्या बाजाराला नेटवर्क गेलं तर? फोन नसलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचं काय? अजून कितीतरी सोडवायचं होतं आणि मला ते सगळं आजच सोडवावंसं वाटत होतं.

काकांच्या हातात मासा ठेवला तेव्हा मी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं लागली होती. वहीचं पुढचं पान जोडायला अजून चार बाकी होती!