पिवळी नळी

हसा, हसा. बोटीवर मी प्रत्येकाच्या डोक्यावर टपली मारून मोजतो, त्याचं हसू येतं ना? सकाळी ही चष्मेवाली म्हणालीच, "काका, आम्ही काय मेंढरं आहोत?" आधी तो दिवा बंद कर, किडे येतात. आणि बसा खाली. उद्या पहिल्यांदाच अंधारात पाण्यात उतरणार आहात, तर हे ऐकून उतरा. मला सांगायची हौस नाही.

काम साधं होतं. पाण्याखाली राहिलेला एक कॅमेरा शोधून आणायचा. बारा फेब्रुवारी, बुधवार, रात्री नऊ वाजून दहा मिनिटं. चंद्र नव्हता, वाराही नव्हता. बोटीवर दोघंच, मी आणि माझा साडू.

साडू तेव्हा इथला म्होरक्या. पाहुण्यांना खाली न्यायचा, प्रवाळ दाखवायचा, त्यांचे फोटो काढायचा. मी तेव्हाही हेच करायचो, सिलिंडरात हवा भरायची. तो पाण्यात मासा, पण कामात "चालतंय हो" म्हणणारा. मला तो कधीच पटला नाही. पण बायकोच्या बहिणीचा नवरा पडला, बोलणार कोणाला?

त्याच्या वीस दिवस आधीची गोष्ट. पाहुणे आठ. त्यात एक शाळामास्तर होता, पाण्याखालच्या फोटोंचं खूळ असलेला. मोठ्या माशांकडे ढुंकूनही बघायचा नाही. प्रवाळावरचे नखाएवढे जीव शोधायचा आणि एकेकासमोर दहा-दहा मिनिटं ठिय्या द्यायचा. उजवीकडचे खालचे दोन दात काढलेले, त्यामुळे श्वासाचं रबर तोंडातून सारखं सटकायचं. सकाळी मीच त्याला जाड रबर बसवून दिलं. "आता कसं घट्ट बसलं!" म्हणाला. लहान मुलासारखा खूश झाला होता.

वर आल्यावर माणसं मोजायची, हा नियम. साडू पाहुण्यांची रिकामी सिलिंडरं मोजायचा. म्हणायचा, "माणसं इकडून तिकडे हलतात. सिलिंडर जागचं हलत नाही." त्या दिवशी आठ रिकामी दिसली आणि त्याने बोट हाकली. पण त्यातलं एक आधीच गळून रिकामं झालं होतं. त्यानेच ते बदलून नववं, जादाचं दिलं होतं. आणि विसरला, शहाणा!

इथे धक्क्यावर मी सिलिंडरं उतरवली. साडूचं स्वतःचं सोडून नऊ नेली होती, आठ परत आली. विचारलं, "नववं कुठंय?"

त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

परत पोचेपर्यंत दोन तास उलटून गेले होते. मास्तर तिसऱ्या दिवशी सापडला. कॅमेरा सापडला नाही.

चौकशीत साडू म्हणाला, "मी डोकी मोजली होती. आठ होती. फोटोच्या हव्यासापायी हा माणूस गुपचूप पुन्हा उतरला असणार." मी शेजारीच उभा होतो. मला सगळं ठाऊक होतं. पण मेहुणी डोळ्यांसमोर आली, तिची पोरं आली, आणि मी तोंडाला कुलूप लावलं. आजही लाज वाटते त्याची. नाही कशाला म्हणू?

मास्तरची बायको याच बाकावर बसली होती. तू बसलायस ना, तिथेच. म्हणाली, "रस्ता ओलांडतानासुद्धा माझा हात धरायचे हो ते. एकटे परत उतरतील?" जाताना एवढंच म्हणाली, "कॅमेरा मिळाला तर तेवढा द्या."

तेव्हापासून साडूची झोप उडाली. कॅमेऱ्यातल्या प्रत्येक फोटोवर वेळ नोंदलेली असते. बोट निघाल्यानंतरचा एक जरी फोटो निघाला, तरी याचं खोटं उघडं पडणार आणि हा थेट गजाआड. म्हणून कॅमेरा आधी त्याला हवा होता, तोही रात्री, कोणाला नकळत. जोडीदाराशिवाय पाण्यात उतरू नये, हे तोच सगळ्यांना शिकवायचा. त्या रात्री एकटा उतरला.

मी वरून बुडबुडे बघत बसलो. त्याच्या बॅटरीचा पिवळट उजेड साठ फुटांवर दिसेनासा झाला.

साडेनऊला पाणी आतून उजळलं. पांढरं. लख्ख. कॅमेऱ्याचा फ्लॅश.

साडूने त्या रात्री स्वतःचा कॅमेरा नेला नव्हता. आणि खालचा कॅमेरा... वीस दिवस पाण्यात होता.

पुन्हा फ्लॅश. मग तिसरा, बोटीच्या अगदी खाली.

मी बुडबुड्यांकडे पाहिलं. एका जागी येत होते ते साडूचे. आणि हातभर बाजूला...

तिथेही येत होते.

खाली काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. त्या फ्लॅशच्या रोखाने तो गेला. कॅमेरा प्रवाळाच्या खोबणीत अडकलेला. त्याने हात घातला. तेवढ्यात उजव्या कुशीत ओढ बसली. तुम्हा प्रत्येकाच्या अंगावर ती पिवळी नळी असते ना, जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायची? ती ताणली गेली होती. मागे.

घाबरून त्याने श्वास रोखला.

श्वासाचा आवाज थांबला नाही.

हवेच्या काट्याकडे पाहिलं. एकशे दहा. सत्तर. तीस. काटा बघता बघता उतरत होता. कोणीतरी अधाशासारखं ओढत होतं.

त्याने मागे पाहिलं नाही. कॅमेरा सोडला. वर...

मी त्याला बोटीत ओढून घेतलं. नाकातून रक्त येत होतं. माझा दंड धरून म्हणाला, "मोज."

"काय?"

"माणसं मोज."

"अरे, तू एकटाच आहेस."

"नीट मोज रे!" ओरडला आणि ढसाढसा रडायला लागला. एवढा दांडगा माणूस.

उजाडताच तो स्वतःहून ठाण्यात गेला आणि खरं काय ते सांगून आला. मग मीही सांगितलं. मास्तरच्या बायकोला फोन मी केला. म्हणाली, "मी म्हणतच होते." आणि फोन ठेवला. साडू अजून आत आहे. भेटायला गेलो की जेवलास का विचारत नाही, आज किती उतरले आणि किती वर आले, तेवढंच विचारतो.

भूतबित म्हणालात तर चालते व्हा इथून. मी फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं सांगितलं.

थांबा. ती खुंटीवरची पिवळी नळी काढ. हो, तीच. त्या संध्याकाळी तिला मी कोरं रबर बसवलं होतं, पाकीट फोडून. साडूने ती नळी तोंडातसुद्धा घातली नव्हती. वर आल्यावर बघतो तर हे असं, चावून चावून चिंध्या. आणि साडूचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत, बरं का.

दिवा नको. चष्मेवाली, बोट फिरव त्यावर. काय लागतंय?

"दातांच्या खुणा आहेत, काका. खोल आहेत. वरून, खालून..."

पुढे?

"खालच्या बाजूला एका ठिकाणी... दोन दातांएवढी जागा मोकळी आहे."

कुठल्या बाजूला?

...

बोल की. कुठल्या बाजूला?

"उजव्या."